मामाचा एकच डोळा सारखा लाल का व्हायचा?

ज्यांना ट्रेनमध्ये नेट मिळत नाही, ज्यांच्या इअरफोनचा एकच कान चालतो आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचलेलंच लक्षात राहतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून टाकतेय. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत, सगळे नाही.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पण गेल्या काही वर्षांत डोळ्यांच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर भरपूर बसलेय. तिथे जे ऐकलं, विचारलं आणि घरी येऊन वाचून काढलं, ते आज सांगतेय.

माझं आजोळ चौकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनच्या बाजूला जाणारी बस पकडायची आणि बसतच राहायचं. उंच बिल्डिंगा संपतात, मिठागरं लागतात, मग हवेला सुक्या मासळीचा वास येतो. वसईच्या खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं गाव आहे, वर धारावीचा किल्ला. हो, धारावी. ती मुंबईतली नाही, ही वेगळी. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत १७३९ मध्ये हा किल्ला घेतला होता. पलीकडे वसईचा किल्ला दिसतो. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या अर्ध्या लोकांनी ही जागा बघितलेली नसते, हे आपलं जाता जाता.

मामा मासेमारी करतो. डोलीची जाळी, बोंबील, जवळा. १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी असते, तेव्हा बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात आणि डागडुजी चालू असते. २०२३ च्या जुलैमध्ये मामा बोटीच्या मागच्या बाजूचा एक गंजलेला बोल्ट काढत बसला होता. बोल्ट फिरेना, म्हणून छिन्नी लावून वरून हातोडी. ठण, ठण, ठण. मध्येच डाव्या डोळ्यात काहीतरी टचकन लागलं. त्याने डोळा चोळला, पाण्याचा हबका मारला, दोन मिनिटांत बरं वाटलं. बोल्टही निघाला. संध्याकाळी मामीने विचारलं तर म्हणाला, “खारं पानी गेलंय डोल्यान, दुसरं काय नाय.”

दुखत नव्हतं. दिसत नीट होतं. आता मागे वळून बघितलं की हेच सगळ्यात फसवं वाटतं.

ऑगस्टमध्ये डोळा लाल झाला. आता आठवा, २०२३ चा पावसाळा. महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती. शाळेत, लोकलमध्ये, ऑफिसात, जिकडे बघावं तिकडे काळे गॉगल. तेव्हा लाल डोळा म्हणजे ‘डोळे आलेत’, विषय संपला. मेडिकलवाल्याने थेंब दिले, आठवड्यात डोळा पांढरा झाला. ऑक्टोबरमध्ये परत लाल. या वेळी मामा एका डॉक्टरांकडे गेला, त्यांनी दुसरे थेंब दिले, दोन दिवसांत आराम. जानेवारीत परत. आता मामाला डॉक्टरची गरजच वाटेना. जुनी रिकामी बाटली दुकानात दाखवायची आणि तीच नवीन आणायची. मार्चमध्ये चौथ्यांदा. आणि दरवेळी फक्त डावा डोळा.

हे वाक्य दोनदा वाचा: दरवेळी तोच एक डोळा.

साथीचा डोळा कसा वागतो? आधी एक लाल होतो, दोन-तीन दिवसांत बहुतेक वेळा दुसराही. चिकटपणा येतो, पाणी येतं, घरात अजून कुणालातरी होतं आणि एक-दोन आठवड्यांत पाहुणा निघून जातो. मामाच्या घरी दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. चिकटपणा नव्हता. उजेड मात्र सहन व्हायचा नाही, डोळ्याच्या आत ठणकायचं, आणि लाली पापणीच्या बाजूला कमी, रंगीत भागाच्या कडेने जास्त. ही डोळ्याच्या आतल्या सुजेची लक्षणं. डॉक्टर तिला युव्हायटिस म्हणतात. ती होण्याची कारणं पुष्कळ आहेत, संधिवातापासून टीबीपर्यंत. पण एकाच डोळ्यात, औषधाने बरी होणारी आणि औषध थांबवलं की परत येणारी सूज असेल, तर एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: आत काही राहिलंय का?

आपल्याकडे हे कळायला पुस्तक लागत नाही. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला तर काय होतं? वरून मलम लावा, दोन दिवस बरं वाटतं, परत पू होतो. काटा निघाल्याशिवाय पाय बरा होत नाही. डोळ्याचंही तसंच आहे, फक्त काटा दिसत नाही.

आता डोळ्यात ‘राहणं’ म्हणजे नक्की कुठे राहणं? ठिकाणं दोन. एक पापणीच्या मागे, आणि दुसरं थेट डोळ्याच्या गोळ्यात. दोन्हींची गोष्ट अगदी वेगळी आहे.

पापणीपासून सुरू करू, ते सोपं. वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला, कडेपासून साधारण दोन मिलिमीटर आत, एक बारीक खाच असते. धूळ, वाळूचा कण, माशाच्या खवल्याचा तुकडा, भाताचं तूस, नायलॉनच्या दोरीचा तंतू, असलं काहीही तिथे जाऊन बसतं. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. सोळा तास जागे असलो तर चौदा हजारांच्या वर. म्हणजे कण पापणीला अडकला की दिवसभरात चौदा हजार वेळा तो डोळ्याच्या काचेवरून वरखाली घासला जातो. डॉक्टर डोळ्यात पिवळा-नारिंगी रंग टाकून निळ्या उजेडात बघतात, तेव्हा मांजराने नख मारल्यासारख्या उभ्या रेघा दिसतात. उभ्या रेघा दिसल्या की वरची पापणी उलटवून बघायची, हे त्यांना शिकवलेलं असतं. कापसाची काडी पापणीवर ठेवून पापणी उलटवायची, कण पुसून घ्यायचा. अर्धा मिनिट लागतो. पण पापणी उलटवलीच नाही तर माणूस महिनोन्‌महिने थेंब घालत बसतो.

त्या खाचेच्याही वर, पापणी जिथे डोळ्याच्या गोळ्याला जाऊन मिळते, तिथे एक खिसा असतो. तुमच्यापैकी अनेक जण कॉन्टॅक्ट लेन्स लावता, तुमच्यासाठी खास: लेन्स डोळ्याच्या मागे मेंदूकडे जाऊ शकत नाही. आतला पातळ पडदा त्या खिशात वळून बंद होतो, पुढे रस्ताच नाही. पण तो खिसा बऱ्यापैकी खोल आहे. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या सोलिहल इथल्या डॉक्टरांनी एक केस छापली. ६७ वर्षांच्या बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आल्या होत्या. भूल देताना डॉक्टरांना डोळ्यात निळसर गोळा दिसला. एकमेकींना चिकटलेल्या १७ कॉन्टॅक्ट लेन्स! नंतर नीट तपासलं तर अजून १०. एकूण २७. बाई ३५ वर्षं महिन्याच्या लेन्स वापरत होत्या. डोळ्यात टोचायचं, पण त्यांना वाटायचं की वय झालं, डोळे कोरडे पडलेत. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या डंडीची केस छापून आली: ४२ वर्षांच्या बाईंची वरची पापणी सुजून खाली यायला लागली, गाठ म्हणून ऑपरेशन केलं तर आतून कडक लेन्स निघाली. मग त्यांच्या आईला आठवलं, मुलगी १४ वर्षांची असताना बॅडमिंटन खेळताना डोळ्यावर शटलकॉक बसलं होतं. लेन्स पडून हरवली असं सगळ्यांनी धरलं होतं. २८ वर्षं ती पापणीतच होती.

(ऑडिओत इथे माझी मैत्रीण ओरडलेली ऐकू येईल. ती तेव्हाच बाथरूममध्ये जाऊन लेन्स काढून आली.)

मामाच्या पापणीत काही नव्हतं. त्याचं प्रकरण दुसऱ्या ठिकाणचं.

एप्रिल २०२४ मध्ये मामेबहिणीचा साखरपुडा झाला. फोटो काढायचं काम अर्थातच माझ्याकडे. रात्री फोनवर फोटो मोठे करून बघत होते, स्टेटसला कुठला टाकू म्हणून. मामाचे डोळे घारे आहेत, आमच्या आजीसारखे. त्या फोटोत उजवा डोळा घारा आणि डावा मळकट तपकिरी दिसत होता. शिवाय डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी. मला वाटलं, सावली पडली असेल. दुसरा फोटो बघितला, तिसरा बघितला. मग दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीतला जुना फोटो काढला. त्यात दोन्ही डोळे सारखे.

मामीला दाखवलं. ती म्हणाली, “मला पन वाटत होतं, पन बोलू कोणाला?”

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी थेंबांची बाटली बघितली, फोटो बघितले आणि पहिला प्रश्न विचारला तो डोळ्यांबद्दल नव्हताच. “काका, काम काय करता? हातोडी-छिन्नी, ग्राइंडर, असलं काही?” मामा मासेमारी म्हणाला. त्यांनी परत विचारलं, “बोटीचं काम स्वतः करता?” तेव्हा कुठे तो बोल्ट आठवला. नऊ महिन्यांनी.

मग हनुवटी टेकवून बसायचं ते मशीन, स्लिट लॅम्प. इथे डोळ्याची रचना दोन ओळींत सांगते. सगळ्यात पुढे काचेसारखा पारदर्शक पडदा, कॉर्निया. त्यामागे रंगीत पडदा, आयरिस, ज्यावरून डोळे घारे की काळे ते ठरतं. त्याच्या मधलं भोक म्हणजे बाहुली. त्यामागे भिंग, मग जेलीसारखा पदार्थ, आणि अगदी मागच्या भिंतीला रेटिना, जिच्यावर चित्र उमटतं. मामाच्या कॉर्नियावर केसाएवढा पांढरा व्रण होता. साध्या डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. डॉक्टरांनी मागून उजेड पडेल असा दिवा लावला, तर रंगीत पडद्यात बाहुलीच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं दुसरं भोक दिसलं, उजेडाने लालसर चमकणारं. म्हणजे कॉर्नियातून शिरलं, आयरिसमधून आरपार, मागे गेलं. पत्र्याच्या छपराला भोक असलं की दुपारी घरात उन्हाचा कवडसा पडतो ना, अगदी तसं. कवडसा दिसला म्हणजे छपरात भोक आहे.

मला तेव्हा कळेना की लोखंडाचा तुकडा डोळा फाडून आत जातो आणि माणसाला कळतही नाही, हे कसं? कारण असं. हातोडीने छिन्नीवर मारलं की कडक पोलादाची बारीक चिपली उडते. ती अतिशय वेगात असते, कडा ब्लेडसारख्या. कॉर्नियाची जखम इतकी छोटी की ती आपली आपण मिटते. डोळ्याच्या आतल्या बऱ्याच भागाला स्पर्श कळत नाही, रेटिनाला वेदना कळतच नाही. तुकडा मधल्या रस्त्याने न जाता कडेने गेला तर नजरही तशीच राहते. म्हणून जगभरातल्या नेत्रतज्ज्ञांना हा नियम पाठ असतो: धातूवर धातू आपटताना डोळ्यात काही गेल्याचं कुणी सांगितलं, तर दिसत नीट असलं तरी तुकडा आत आहे असंच धरायचं, नाही हे सिद्ध होईपर्यंत.

मामाला लगेच सीटी स्कॅनला पाठवलं. एक्स-रेमध्ये छोटा तुकडा निसटू शकतो. सीटीचे पातळ काप घेतले तर जागा नेमकी कळते. तिथल्या बाकावर बसलेले एक काका मला समजावून सांगत होते की सीटी जुना झाला, एमआरआय करा, पैसे जास्त पण एकदम बारीक दिसतं. कृपया हे लक्षात ठेवा. डोळ्यात लोखंड असल्याचा संशय असेल तर एमआरआय करायचा नसतो. ते मशीन म्हणजे एक प्रचंड चुंबक. आतला तुकडा हलला तर त्याच्याबरोबर रेटिना फाटू शकते. एमआरआयच्या आधी फॉर्मवर ‘कधी डोळ्यात धातू गेला होता का’ असा प्रश्न असतो, तो याचसाठी. आपण न वाचता सगळीकडे ‘नाही’वर टिक करतो.

स्कॅनमध्ये खालच्या बाजूला, रेटिनाजवळ एक पांढरा ठिपका. तांदळाच्या कणीपेक्षाही छोटा.

आता रंग का बदलला? लोखंड डोळ्यात गंजतं. खरोखर. बोटीचा खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो तसं, डोळ्याच्या आतल्या पाण्यात. त्यातून सुटणारे लोहाचे कण आयरिस, भिंग आणि रेटिनाच्या पेशींत झिरपत जातात आणि त्यांच्यासाठी ते विष असतं. आयरिस गंजाच्या रंगाकडे झुकतं, बाहुली मोठी होऊन उजेडाला नीट आकसत नाही, भिंगात मोतीबिंदू तयार होतो आणि शेवटी रेटिना मरायला लागते. या सगळ्याला सिडेरोसिस म्हणतात. हे काही आठवड्यांत होऊ शकतं, काही वर्षंही लागू शकतात. तुकडा केवढा, कुठे आहे, त्यात लोखंड किती, यावर ते असतं. रेटिना किती कामाची उरली हे बघायला ईआरजी नावाची चाचणी करतात, हृदयाचा ईसीजी काढतात तसाच डोळ्याचा विजेचा आलेख. मामाच्या डाव्या डोळ्याचा आलेख उजव्यापेक्षा बराच बुटका आला. सपाट नव्हता, एवढंच समाधान.

वस्तू कुठली आहे यावर डोळ्याचं भविष्य ठरतं, हे मला सगळ्यात रंजक वाटलं. शुद्ध तांबं आत गेलं तर डोळा काही दिवसांतच पेटून उठतो, भयानक सूज. तांब्याचं प्रमाण कमी असलेला मिश्रधातू असेल तर हळूहळू भिंगावर सूर्यफुलाच्या आकाराचा डाग उमटतो. लाकूड, काटा, पानाचा तुकडा असेल तर बुरशीचा धोका, आणि सीटीतही लाकूड फसवतं. काच मात्र वर्षानुवर्षं गप्प बसू शकते. तीही कधी कधी कॉर्निया आणि आयरिसच्या खालच्या कोपऱ्यात लपून अधूनमधून सूज आणते. तो कोपरा समोरून दिसत नाही, आरसा लावलेली खास लेन्स डोळ्याला टेकवून बघावा लागतो.

आणि प्लास्टिक? दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटचं छप्पर ॲक्रिलिकचं असायचं. गोळी लागली की त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे. हॅरोल्ड रिडली नावाच्या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं की हे तुकडे आत असूनही डोळा त्यांच्यावर चिडत नाही. त्यावरून त्यांना सुचलं की मोतीबिंदू काढल्यावर याच पदार्थाचं भिंग आत बसवता येईल. १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ते करून बघितलं. बरीच वर्षं त्यांच्या व्यवसायातल्या लोकांनीच त्यांना वेड्यात काढलं. आज तुमच्या आजी-आजोबांच्या डोळ्यात जी लेन्स आहे ना, ती त्याच कल्पनेची नात.

लोखंड काढायला चुंबक ही कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेलं शल्य काढण्याच्या उपायांत अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, सांगितलेला आहे. युरोपात १६२४ मध्ये एका माणसाच्या डोळ्यात पोलादाची चिपली गेली, तेव्हा फाब्रिसियस हिल्डानस या नामवंत शल्यविशारदाला ती निघेना. त्याच्या बायकोने, मारी कोलिनेने, चुंबक लावून बघायला सुचवलं आणि चिपली आली बाहेर. ती स्वतः सुईण आणि शल्यक्रिया करणारी होती. नवऱ्याने निदान तिचं नाव लिहून ठेवलं, तेवढं बरं केलं.

लपलेली वस्तू नेहमी निर्जीव असते असंही नाही. २०१२ मध्ये मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात ७५ वर्षांचे एक गृहस्थ आले होते, डोळा लाल, दुखतोय, खाजतोय. डॉक्टरांनी मशीनखाली बघितलं तर पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली काहीतरी वळवळत होतं. छोटा छेद घेऊन काढलं तर १३ सेंटिमीटर लांबीची जिवंत अळी. जेवताना वाचत असाल तर सॉरी.

आणि हे आपल्या अंगणातलं: पावसाळ्यात शेवग्याच्या झाडावर केसाळ सुरवंटांचे थवेच्या थवे असतात. चौकला आजीच्या दारात शेवगा होता, त्याखाली आम्हाला खेळू द्यायचे नाहीत. अंगाला खाज सुटते एवढंच कारण माहीत होतं. पण सुरवंटाचा केस डोळ्यात गेला तर तो नुसता टोचत नाही. काही जातींच्या केसांना सूक्ष्म उलटे काटे असतात. पापणीच्या आणि डोळ्याच्या हालचालीने तो केस एकाच दिशेने सरकतो, पुढे, आत. पापणीत, कॉर्नियात, कधी थेट डोळ्याच्या आत. जिथे जाईल तिथे बारीक गाठी आणि सूज, महिन्या-दोन महिन्यांनी परत परत. म्हणून सुरवंट झटकला त्या हाताने डोळा चोळायचा नाही आणि लाल झाला तर डॉक्टरला ‘सुरवंट’ हा शब्द सांगायचा.

आता ती बाटली. मामा जे थेंब परत परत आणत होता, त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड वाईट नाही. युव्हायटिसचं ते मुख्य औषध आहे आणि योग्य वेळी नाही दिलं तर डोळा जाऊ शकतो. पण ते सूज दाबतं, कारण काढत नाही. डोळा पांढरा झाला की सगळ्यांनाच वाटतं, बरा झाला. आत गंजणं चालूच. शिवाय तपासणीशिवाय महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि बुरशी किंवा नागिणीच्या जातीतला विषाणू आत असेल तर तो मोकाट सुटतो. कायद्याने हे थेंब चिठ्ठीशिवाय विकायचे नसतात. बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं, मुंगीएवढ्या अक्षरात. मी दुकानदाराला दोष देऊन मोकळी होणार होते, पण मग आठवलं, दोनदा ती बाटली भाईंदरहून मीच नेऊन दिली होती. नाव वाचून, डिस्काउंट मागून.

तर तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या एकाच डोळ्याला वरचेवर लाली येत असेल तर डॉक्टरांसमोर काय बोलायचं? “डोळा लाल आहे” एवढंच नाही. हा कितव्यांदा, दरवेळी तोच डोळा का, थेंब थांबवल्यावर किती दिवसांनी परत आला, हे सांगा. आतापर्यंतच्या सगळ्या बाटल्यांचे फोटो दाखवा. गेल्या दोन-तीन वर्षांत हातोडी, ग्राइंडर, ड्रिल, फटाके, फुटलेली काच, झाडाची फांदी, सुरवंट, हरवलेली लेन्स, काहीही आठवत असेल तर सांगा, क्षुल्लक वाटलं तरी. पापणी उलटवून बघाल का, असं विचारायला लाजू नका. आणि जुने फोटो. आपल्या फोनमध्ये प्रत्येकाच्या डोळ्यांचा आठ-दहा वर्षांचा रेकॉर्ड पडलेला आहे, सेल्फीच्या रूपाने.

आणि आत्ता, या क्षणी कुणाच्या डोळ्यात काही गेलं तर? वाऱ्याने धूळ गेली असेल तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, वरची पापणी धरून खालच्या पापणीवर ओढून सोडा, खालचे केस ब्रशसारखं काम करतात. पण हातोडी-ग्राइंडरवर काम करताना काही लागलं असेल तर डोळा दाबायचा नाही, चोळायचा नाही, काही रुतलेलं दिसलं तर ओढायचं नाही. वर कागदी कप उपडा ठेवून, डोळ्यावर दाब न येता चिकटपट्टीने धरायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या हॉस्पिटलात. पदराच्या टोकाने किंवा काडेपेटीच्या काडीने काढून देणारी एक मावशी प्रत्येक गावात असते. तिला नमस्कार करून पुढे जायचं.

मामाचं ऑपरेशन मे महिन्यात झालं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक छेद घेऊन आतली जेली काढली, चुंबकाच्या आणि चिमट्याच्या मदतीने तुकडा बाहेर आणला, मोतीबिंदू काढला आणि रिडलीवाली लेन्स बसवली. एक बाहेरची वस्तू काढली, दुसरी घातली. सूज त्यानंतर परत आलेली नाही.

नजर पूर्ण परत नाही आली. डाव्या डोळ्याने त्याला माणूस ओळखता येतो, बोटीचा रंग कळतो, पण पेपर वाचता येत नाही आणि संध्याकाळ झाली की त्या बाजूचं अंधुक होतं. जाळं विणताना तो आता मान थोडी डावीकडे वळवून बसतो, उजवा डोळा समोर यावा म्हणून. नऊ महिने आधी आलो असतो तर, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “बरंच जास्त वाचलं असतं.” त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तुकडा त्यांनी एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून दिला. घरी आल्यावर मामाने जुन्या स्पीकरमधलं चुंबक शोधून काढलं आणि डबीच्या झाकणावर धरलं. काळा ठिपका खालून उडून झाकणाला चिकटला. त्याने चुंबक बाजूला घेतलं, परत धरलं. तिसऱ्यांदा करायला गेला तेव्हा मामीने डबी हातातून घेतली आणि कपाटात, स्कॅनच्या फिल्मबरोबर ठेवून दिली.